उभे पीक

अंदाज शाखेत ‘उभे’ या शब्दाला मोठा मान होता. जिल्ह्याजिल्ह्यांतून येणाऱ्या अहवालांत बाकी काहीही लिहिलेले असो, ‘पीक उभे आहे’ एवढे वाक्य सापडले की भिंतीवरच्या नकाशात त्या जिल्ह्यावर हिरवी टाचणी लागत असे. वाऱ्याने लोळवलेले, किडीने बसवलेले किंवा पाण्यावाचून मान टाकलेले पीक वाईट. ताठ उभे राहिलेले पीक चांगले. ही समज इतकी सरळ होती की तिची चर्चा करण्याची वेळ कोणावर आली नव्हती.

ही समज शाखेत रुजवली होती ती ताईच्या वडिलांनी. आता ते निवृत्त होते आणि आईसह तिच्याच घरी राहत होते, पण शाखेत त्यांना अजून ‘गरुड’ म्हणत. धावत्या गाडीच्या खिडकीतून शेतांवर नजर टाकून ते जिल्ह्याचा उतारा, म्हणजे एकरी किती धान्य निघेल ते, सांगत आणि कापणीनंतर तो आकडा जवळजवळ तसाच निघे. नव्याने आलेल्यांना ते शिकवत, “वाकून बघू नका रे. वाकलात की एक रोप दिसतं. उभं राहिलात की शेत दिसतं.” त्यांचे शिकाऊ आता जिल्ह्याजिल्ह्यांत अधिकारी झाले होते. तीही त्यांच्याच हाताखाली शिकली, पुढे विद्यापीठातून पीकशास्त्राची पदवी घेऊन त्याच शाखेत आली. गेली काही वर्षे देशाच्या भातपिकाचा कापणीपूर्व अंदाज तिच्याकडे होता. शाखेत तिला सगळे ताई म्हणत.

त्या वर्षी नकाशा हिरव्या टाचण्यांनी गच्च भरला होता. पाऊस पुरेसा झाला होता, कीड नव्हती, उपग्रहाची चित्रे डोळ्यांत भरावीत इतकी हिरवी होती. अंदाज आजवरचा सर्वांत मोठा निघत होता. तो जाहीर झाला की गोदामांतले जुने धान्य परदेशी विकायचे, म्हणजे नव्याला जागा होईल, असे मंत्रालयात ठरले होते. करारावर सही होण्याला आठवडा उरला होता. तिला शेवटची एक फेरी मारून आकड्याखाली आपले नाव घालायचे होते.

फेरीत गाडी चालवणाऱ्याला सगळे ‘सावकाश’ म्हणत. त्याची गाडी सायकलवालेही मागे टाकत. दुपारी त्याने रस्त्याकडेच्या झाडाखाली गाडी लावली आणि तो इंजिनात पाणी घालू लागला. ती खाली उतरून पाय मोकळे करत बांधापर्यंत गेली. समोर कंबरेएवढे भात पसरले होते, एका उंचीचे, कोणी फणी फिरवल्यासारखे.

“काय शांत आहे ना, ताई!” सावकाश मागून म्हणाला. “अशा ठिकाणी माणसानं निवृत्त व्हावं.”

तेव्हा तिच्या लक्षात आले की ही शांतता चुकीची आहे. या दिवसांत भाताच्या शेतावर पाखरांचा नुसता गोंगाट असतो. दाण्यात दूध भरू लागले की थवेच्या थवे उतरतात आणि राखणीची माणसे दिवसभर डबे बडवून घसे फोडतात. इथे राखणीचा माचा रिकामा होता. दोरीला बांधलेला पत्र्याचा डबा लटकत होता आणि एक मध्यमवयीन बाई माच्याच्या सावलीत बसून विळ्याला धार लावत होती.

“मावशी, राखणीला कोणी नाही?”

“राखायचं कोणापासून?” बाई हसली. “पाखरंच नाहीत यंदा. दरवर्षी ओरडून ओरडून माझा आवाज बसतो. नवरा म्हणतो, तेवढेच दिवस घरात सुख असतं. यंदा बिचाऱ्याचं ते सुखही गेलं.”

“पण पाखरं गेली कुठे?”

“गेली असतील दुसरीकडे. त्यांना काय, मिळेल तिथं जातील.”

बाईने ते सहज म्हटले, पण ‘मिळेल तिथं’ हे शब्द ताईला खटकले. ती वाकली, हाताशी आली ती लोंबी तोडली आणि एक दाणा अंगठ्याच्या नखाखाली दाबला. तो कागदासारखा चपटा झाला. दूध नाही, पीठ नाही, नुसते टरफल. दुसरा दाबला, तिसरा दाबला. मग एखादा भरलेला लागला आणि पुन्हा रिकाम्यांची रांग.

“काय बघताय बाई?” मावशी उठून जवळ आली. तिनेही एक लोंबी तोडली. “ही कडेची असेल. कडेला असं व्हायचंच.” ती पदर खोचून शेतात शिरली, बरीच आत गेली आणि मूठभर लोंब्या घेऊन परतली. दोघी बांधावर बसून दाणे दाबत राहिल्या. मावशीचे हात हळूहळू थांबले.

“पण उभं आहे की हो सगळं,” ती म्हणाली. कोणीतरी ‘हो’ म्हणावे अशा सुरात.

“मावशी, फुलोऱ्याच्या वेळी ऊन कसं होतं?”

“ते नका विचारू. सकाळचं काम उरकायच्या आत बांध तव्यासारखा तापायचा. अशी झळ मी जन्मात पाहिली नव्हती.”

ताईने शक्य तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितले. भाताचे फूल सकाळी थोडाच वेळ उघडते. तेवढ्यात पराग पडला तर दाणा धरतो. त्या थोडक्या वेळात हवा फार तापली की पराग करपतो आणि फूल रिकामेच मिटते. रोपाला मात्र काही होत नाही. दाण्यात जायचे ते सगळे पानांतच राहते, म्हणून ते आणखी हिरवे दिसते.

“म्हणजे डोक्यात काही नाही, म्हणून मान ताठ,” मावशी म्हणाली. “आमच्या धाकट्या दिरासारखं.”

सावकाशला हसू आवरले नाही. पण मावशी हसत नव्हती. ती शेताकडे पाहत होती. “आता काय करायचं, बाई?” तिने विचारले.

“तुमच्या शेताचं मला आज काही सांगता येत नाही,” ती म्हणाली. खोटा धीर देणे तिला जमले नाही. “पण हे सगळीकडे असेल तर ते आत्ताच कळलं पाहिजे. या लोंब्या नेऊ?”

“न्या. पाखरांनी सोडल्यात, तुम्ही तरी न्या.”

वाटेत तिने सावकाशला जागोजागी थांबायला लावले. प्रत्येक वेळी ती शेतात शिरली. काही ठिकाणी दाणा होता. बहुतेक ठिकाणी नव्हता. दोन दिवसांपूर्वी याच रस्त्यावरून जाताना तिने काच खाली करून ‘उत्तम’ असे टिपले होते.

शाखाप्रमुखांना सगळे पाठीमागे ‘दशांश’ म्हणत, कारण त्यांना कोणताही पूर्ण आकडा संशयास्पद वाटे. माणूस सरळ होता, पण जपून पाऊल टाकणारा. तिने लोंब्यांची जुडी टेबलावर ठेवली तेव्हा त्यांनी आधी खालचे कागद बाजूला घेतले.

“बसा. काय म्हणणं आहे?”

“अंदाज थांबवा, सर. पीक फोल आहे.”

“कुठलं?”

“मी पाहिलं त्यातलं बहुतेक.”

“तुम्ही एका रस्त्यावरची शेतं पाहिलीत. एक रस्ता म्हणजे देश नव्हे.”

“बरोबर आहे. म्हणूनच सगळ्या जिल्ह्यांत बघायला हवं.”

“बघितलंय की! सगळे अहवाल आलेत. वरून उपग्रहाची चित्रं आहेत.”

“सर, उपग्रह पान बघतो. आपणही गाडीतून पानच बघितलं. आपल्यापैकी दाणा कोणी बघितला?”

दशांशांनी चष्मा काढून पुसला. “कापणीच्या वेळी प्रत्यक्ष वजन होईलच ना.”

“तोवर गोदामं रिकामी झाली असतील.”

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली रस्त्यावर शाळा सुटली होती. “तुम्हाला कल्पना आहे,” ते एकेक शब्द निवडत म्हणाले, “अंदाज आपण खाली आणला, करार मोडला आणि पीक भरघोस आलं, तर तुमचं-माझं केवढं हसं होईल?”

“होऊ दे. पोटभर जेवून लोक हसतील. उलटं झालं तर हसायला कोणी येणार नाही.”

मग दशांश परत खुर्चीत बसले आणि त्यांनी जुडीतला एक दाणा नखाखाली धरला. दाबून झाल्यावर दुसरा घेतला.

“परवा सकाळी सचिव येणार आहेत,” ते म्हणाले. “तोवर निम्म्याहून अधिक जिल्ह्यांतून हीच बातमी आली, तर मी तुमच्या बाजूनं बोलेन. नाही आली, तर आहे तोच आकडा जाईल आणि त्याखाली तुमची सही असेल. कबूल?”

“कबूल.”

जिल्ह्यांना फोन लावायला तिने तिथूनच सुरुवात केली आणि तासाभरात तिचा घसा कोरडा पडला. कोणी ऐकेना. एकाने सांगितले की अहवाल एकदा गेला म्हणजे गेला. दुसरा म्हणाला, “ताई, फूटभर चिखलात उतरायला लावता? पीक कापून तोलायचा प्रयोग कापणीला होतो. मधेच दाणे चिमटायचे हे कुठल्या पुस्तकात आहे?” तिसऱ्याने तर हसत हसत वर्मावर बोट ठेवले, “तुमच्या वडिलांनी आम्हाला वाकून बघू नका म्हणून शिकवलं. आता तुम्ही वाका म्हणता. आम्ही गरुडाचं ऐकायचं की गरुडाच्या पिल्लाचं?”

ती जुडी घेऊन घरी आली. बाबा जेवणाच्या टेबलाशी वर्तमानपत्राचे कोडे सोडवत बसले होते. आई ताटे मांडत होती.

“अगबाई, आता शेत घरात आणायचं राहिलं होतं,” आई म्हणाली. “तुझ्या बाबांनी एवढ्या वर्षांत निदान मातीचे बूटच आणले होते.”

“तेही नाही,” बाबा कोड्यावरून नजर न काढता म्हणाले. “मी गाडीतून खाली कुठे उतरत होतो?”

“तेच बोलायचंय, बाबा,” ती म्हणाली आणि तिने सगळे सांगितले. बाबांनी ते पेन्सिल खाली न ठेवता ऐकून घेतले.

“पीक उभं आहे?”

“आहे.”

“हिरवं?”

“आहे.”

“मग उतारा येणार. एखाद्या पट्ट्यात फोल निघतं, त्याला काय. मी याहून भयंकर वर्षं पाहिलीत. तुझ्या जन्माच्या वर्षी तर…”

“त्या वर्षी ऊन एवढं नव्हतं, बाबा.”

“म्हणजे माझी नजर चुकली म्हणतेस?” आता पेन्सिल खाली आली. “माझ्या अंदाजावर मंत्र्यांनीसुद्धा कधी हरकत घेतली नाही. आता घरातूनच सुरुवात?”

“अहो, हळू. शेजारी ऐकतील,” आई म्हणाली.

“ऐकू देत. त्यांच्या ताटातला भात मी मोजलाय.”

वडिलांशी वाद घालून ती आयुष्यात कधी जिंकली नव्हती आणि आज तिला जिंकायचेही नव्हते. तिला त्यांचा आवाज हवा होता. तिने आईची रिकामी ताटली ओढली, त्यांच्यापुढे ठेवली आणि एक लोंबी तीत घातली. “बाबा, हे तुम्हीच बघा. मी काही बोलत नाही.”

बाबांनी लोंबी उचलून दिव्याकडे धरली, ती बोटांत फिरवली. मग एकेक दाणा दाबू लागले. फोल ताटलीच्या एका कडेला, भरलेला दुसऱ्या कडेला. त्यांची नखे आता जाड आणि ठिसूळ झाली होती. काही दाण्यांना दोनदा दाबावे लागे. आईने वरणाचे भांडे पुन्हा चुलीवर ठेवले, कारण जेवण लांबणार हे तिला कळले होते. लोंबी संपली तेव्हा एका कडेला टरफलांचा ढीग होता आणि दुसऱ्या कडेला चिमूटभर दाणे.

“दुसरी दे,” बाबा म्हणाले.

तिने दिली. तिचेही तसेच झाले.

“आमच्या वेळी,” ते म्हणाले, पण आवाजात मघाची धार नव्हती, “आमच्या वेळी पीक मरायचं तेव्हा दिसायचं. लोळायचं, पिवळं पडायचं, वास यायचा. उभ्यानं असं आतून रिकामं व्हायचं नाही. म्हणून मी तसं शिकवलं.” ते थांबले. “आणि तेव्हा ते बरोबर होतं, बरं का.”

“बरोबरच होतं, बाबा. तुमची नजर तीच आहे. हवा बदलली.”

“मग नजरही बदलायला हवी.” त्यांनी तळहाताने टरफले गोळा केली. “जिल्ह्यांत उतरायला कोण कोण नाही म्हणालं?”

तिने नावांऐवजी जिल्हे सांगितले. बाबांना माणसे आपोआप आठवली. “उत्तरेचा तो गोरा, लांब नाकाचा? तो चिखलाला घाबरतोच. आणि ‘पुस्तकात कुठे आहे’ म्हणणारा दक्षिणेचा असणार. पुस्तक त्यानं कधी उघडलं नाही, म्हणून त्याला पुस्तकाचा एवढा आदर. आण तो फोन.”

“अहो, आधी जेवा,” आई म्हणाली.

“जेवतो. एक फोन करतो आणि जेवतो.”

एक फोन कसला! ताटे गार झाली. आईने शेवटी त्यांच्या हातात घास दिले आणि ते एका गालात घास धरूनच बोलत राहिले. “मी बोलतोय. हो, मीच, अजून जिवंत आहे. नीट ऐक. मी तुला वाकू नको म्हणून शिकवलं होतं ना? ते आता विसर. उद्या सकाळी गाडीतून उतर. रस्त्याकडेचं शेत घेऊ नकोस, आतलं घे. शेताच्या मधोमध जा, लोंबी तोड आणि दाणा दाबून बघ. … काय? बूट खराब होतील? मग अनवाणी जा! … नाही, ती तुझी ताई आहे आणि अंदाज तिचा आहे. मी तिच्या वतीनं बोलतोय.”

हे शेवटचे वाक्य ऐकताना ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मग ती दुसऱ्या फोनवरून पुढचा जिल्हा लावू लागली.

सकाळी ती शाखेत पोचली तेव्हा उत्तरेची बातमी आली होती. लांब नाकाच्या अधिकाऱ्याने पहाटेच निघून चार गावांतली शेते पालथी घातली होती. त्याचा आवाज पडला होता. “ताई, फोल आहे. मी उत्तम लिहिलं होतं.” ती म्हणाली, “मीही लिहिलं होतं. पुढचं गाव बघा.” दुपारपर्यंत फोन थांबेनात. काही जिल्ह्यांत निम्मे दाणे रिकामे होते, काहींत त्याहून अधिक. जिथे आशा होती तिथेही ती जपूनच विचारत होती: किती शेते पाहिली, कुठल्या गावची, पेरणी कधीची? एका डोंगराळ पट्ट्यातून मात्र उलट बातमी आली. तिथे बियाणे उशिरा पोचल्याने पेरणी लांबली होती, फुलोरा ऊन उतरल्यावर आला होता आणि दाणा चांगला भरला होता. ही बातमी देणारा ओशाळला होता. “ताई, माफ करा, आमच्याकडे पीक चांगलं आहे.” दिवसभरात ती पहिल्यांदा हसली. “अहो, त्याची माफी कसली मागता? नीट सांगा, कुठल्या दिवसांत पेरलं होतं?”

दशांश मधूनमधून दारात येऊन उभे राहत आणि परत जात. संध्याकाळी त्यांनीच नकाशापाशी खुर्ची ओढली आणि एकेक हिरवी टाचणी काढून डबीत टाकायला सुरुवात केली. अर्ध्याहून अधिक नकाशा उघडा पडायला फार वेळ लागला नाही.

ठरल्या दिवशी सचिव आले. तरतरीत, घाईतला माणूस; करार त्यांच्या बॅगेत तयार होता. दशांशांनी नवा आकडा वाचून दाखवला तेव्हा त्यांना वाटले, वाचताना चूक झाली.

“पुन्हा वाचा.”

दशांशांनी पुन्हा वाचला.

“गेल्या आठवड्यात तुम्हीच विक्रमी पीक म्हणालात! तिकडे जहाजं ठरलीत. मी वर काय सांगू, आमच्या लोकांचा डोळा लागला होता?”

“सांगा की आम्ही पान मोजलं होतं, दाणा मोजला नव्हता,” ती म्हणाली. “चूक आमची. पण आकडा आता खरा आहे.”

“किती खरा?”

“थोडा वर-खाली होईल. विकण्याइतकं धान्य होणार नाही, एवढं नक्की. गोदामातलं आहे तेच पुढच्या पिकापर्यंत लोकांना पुरवून खायचं आहे. ते विकलंत तर तेच धान्य दुप्पट दरानं परत आणावं लागेल, तेही कोणी दिलं तर. यंदा ऊन एकट्या आपल्याच देशात पडलेलं नाही.”

सचिवांनी दशांशांकडे पाहिले. “तुमचं काय मत?”

दशांशांनी घसा साफ केला. तिला वाटले, आता ते ‘तथापि’ने वाक्य सुरू करतील. “माझं मत तेच आहे,” ते म्हणाले. “आणि सही मीही करणार आहे. दोघांची राहू द्या.”

सचिवांनी कराराच्या बॅगेवर बोटे वाजवली. मग उठून ते बाहेरच्या व्हरांड्यात गेले. काचेतून ते फोनवर बोलताना दिसत होते. आधी उभे, मग फेऱ्या मारत, मग कपाळाला हात लावून ऐकत. परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर घाई उरली नव्हती.

“विक्री थांबली,” ते म्हणाले. “मला आज बऱ्याच शिव्या खायच्या आहेत, त्या मी खाईन. पण पुढच्या वर्षी पुन्हा असंच ऊन पडलं तर? दर वर्षी नुसतं थांबवत बसायचं का?”

“नाही,” ती म्हणाली. “डोंगराळ पट्ट्यातली पेरणी उशिरा झाली होती, तिथं दाणा भरलाय. सगळीकडे तसंच चालेल असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी पाणी पुरणार नाही, काही ठिकाणी थंडी आधी गाठेल. पण कुठं चालेल हे शोधता येतं. त्याआधी त्या पट्ट्यातलं धान्य कोणी दळायच्या आत बियाण्यासाठी बाजूला ठेवायला हवं. आजच. कापणी तोंडावर आली आहे.”

“आजच म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही इथून उठायच्या आत.”

दशांश खाकरले. सचिवांनी हसावे की रागवावे याचा क्षणभर विचार केला, मग बॅग खाली ठेवली आणि कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

“कुठली गावं?” त्यांनी विचारले.

तिने खुर्ची नकाशाकडे वळवली आणि डोंगराच्या कुशीतल्या पहिल्या गावावर बोट ठेवले.